उभ्या गाडीची चूक

रात्री पावणेतीनला खालून आवाज आला. पत्र्यावर कोणीतरी भरलेलं पोतं टाकावं तसा, आणि मग शांतता. मी कूस बदलली. दहा मिनिटांनी वॉचमन काकांनी बेल वाजवली. "दादा, ती राखाडी वॅगन-आर तुमचीच ना?"

धायरीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये एका फ्लॅटला एक पार्किंग आहे आणि आम्ही भाडेकरू असल्यामुळे त्या पार्किंगमध्ये घरमालकांची गाडी कव्हर घालून झोपलेली असते. त्यामुळे माझी सेकंड-हँड गाडी गल्लीत, डीपीच्या पुढे, रस्ता वळतो तिथे उभी असते. त्या रात्री ऑफिसातून उशिरा आलो होतो. गाडी वळवून आणायचा कंटाळा आला, म्हणून आलो तसा उजव्या कडेला सरकवली आणि उलट तोंड करूनच लावली.

खाली गेलो तर मागचं दार आणि मडगार्ड आत गेलेलं, टेललाइटचा चुरा रस्त्यावर. शेजारी एक छोटा हत्ती उभा होता, मार्केट यार्डात भाजी घेऊन निघालेला. ड्रायव्हर पन्नाशीचा असेल. तो पळून गेला नव्हता, यासाठी मी त्याचा आजही आदर करतो. पावणेतीनला, कॅमेरे नसलेल्या गल्लीत, तो सहज गेला असता. पण मला बघताच त्याने पहिलं वाक्य टाकलं, "साहेब, वळणावर गाडी लावतात का?"

माझं उत्तर तयार होतं. "काका, गाडी उभी होती. उभ्या गाडीची चूक कशी असेल?"

बोललो आणि माझाच आवाज मला ओळखीचा वाटला नाही. कारण हे वाक्य माझं नव्हतं. ते मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा शाळेत होतो, आणि ते आमच्या विरुद्ध बाजूच्या वकिलाचं होतं.

२००९ च्या डिसेंबरात माझा मामा अकलूजहून घरी येत होता. रात्री साडेआठ-नऊची वेळ, गाळप हंगाम भरात. ज्यांनी तो रस्ता हंगामात पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको. एका ट्रॅक्टरच्या मागच्या ट्रॉलीचा एक्सल गेला होता. ट्रॅक्टरवाला पुढची ट्रॉली घेऊन कारखान्यावर गेला आणि मागची, उसाने भरलेली, रस्त्यावरच ठेवून गेला. चाकांना दगड लावले होते. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. एक बाभळीची फांदी टाकली होती म्हणे, ती आधीच्या कुठल्यातरी गाडीखाली गेली असावी. मामाची मोटरसायकल सरळ ट्रॉलीच्या मागच्या बाजूवर गेली.

मामीने भरपाईचा दावा लावला. तारखांना आईबरोबर मी दोन-तीनदा गेलो होतो. तिथेच ट्रॅक्टरच्या विमा कंपनीचे वकील शांतपणे म्हणाले होते की ट्रॉली उभी होती, आणि जी वस्तू जागची हललीच नाही तिने निष्काळजीपणा कसा केला? २०१३ मध्ये निकाल लागला. चूक निम्मी ट्रॉलीची, निम्मी मामाची. भरपाईची जी रक्कम ठरली ती अर्धी झाली. मामीच्या पदरात दोन मुलं होती. "अर्धी चूक त्यांची होती असं कागदावर लिहिलंय," हे ती नंतर कितीतरी वर्षं सांगायची. पैशांबद्दल कमी, त्या ओळीबद्दल जास्त.

आणि आता त्या वकिलाचं वाक्य धायरीच्या गल्लीत मी एका टेम्पोवाल्यावर फेकत होतो.

पुढचे काही आठवडे ऑफिसचं काम संपलं की मी हा प्रश्न खोदत बसलो. उभ्या वस्तूवर कुणी येऊन आदळलं तर चूक कोणाची, हे आधी कोणी, कधी, कसं ठरवलं? मी वकील नाही, पण जुना कोड वाचायची सवय आहे. कुठल्याही विचित्र फंक्शनच्या मागे कधीतरी कोणाला तरी आलेली एक खरी अडचण असते. इथे ती अडचण एका गाढवाची निघाली.

पण गाढवाच्या आधी एक खांब आहे.

इंग्लंडमधलं डर्बी गाव. एक माणूस रस्त्यालगतच्या आपल्या घराची डागडुजी करत होता आणि त्यासाठी त्याने रस्त्याच्या काही भागावर आडवा खांब टाकला होता. उरलेल्या वाटेने जाता येत होतं. ऑगस्टमधली संध्याकाळ, आठच्या सुमारास, घरोघरी मेणबत्त्या पेटायला नुकती सुरुवात झालेली. दुसरा एक माणूस जवळच्या दारूच्या गुत्त्यातून निघाला, घोड्यावर बसला आणि भरधाव सुटला. खांबाला अडखळून घोड्यासकट पडला, जबर जखमी झाला. तो प्यायलेला होता असा पुरावा नव्हता. पण साक्षीदाराने सांगितलं की त्या उजेडात शंभर यार्डांवरून खांब दिसू शकत होता आणि बेताने जाणाऱ्याला तो चुकवता आला असता.

१८०९ मध्ये बटरफील्ड विरुद्ध फॉरेस्टर या नावाने हा खटला किंग्ज बेंचपुढे आला. मुख्य न्यायाधीश लॉर्ड एलनबरो यांचं म्हणणं थोडक्यात असं, की दुसऱ्याने चूक केली म्हणून तुम्हाला स्वतःचे डोळे मिटून घ्यायची मुभा मिळत नाही. घोडेस्वाराला काहीच मिळालं नाही. खांब टाकणाऱ्याची चूक होतीच, पण जखमी माणसाची स्वतःची थोडी जरी चूक असेल तरी भरपाई शून्य. सगळं किंवा काहीच नाही. पुढची सव्वाशे-दीडशे वर्षं इंग्रजी कायद्याच्या मानेवर हे जोखड राहिलं.

या एलनबरोंबद्दल थोडं विषयांतर. त्यांचं मूळ नाव एडवर्ड लॉ. न्यायाधीश होण्याआधी ब्रिटिश संसदेत वॉरन हेस्टिंग्जवर जो प्रसिद्ध महाभियोग चालला त्यात हेस्टिंग्जच्या बाजूचे हे मुख्य वकील. त्यांचा मुलगा, तोही लॉर्ड एलनबरो, १८४२ मध्ये हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल होऊन आला, आणि २९ डिसेंबर १८४३ ला महाराजपूर आणि पनिहारला शिंद्यांच्या फौजेला जी हार पत्करावी लागली ती त्याच्याच कारकिर्दीत. शाळेच्या पुस्तकात मुलगा भेटतो. बापाने रस्त्याबद्दल जे लिहून ठेवलं ते मात्र आपण रोज भोगतो आणि त्याचं नावही ठाऊक नसतं.

कारण खांबाच्या निकालानंतर तीन वर्षांनी, १८१२ मध्ये, याच थोरल्या एलनबरोंपुढे पार्किंगचा खटला आला. 'पार्किंग' हा शब्द तेव्हा या अर्थाने नव्हता. लंडनमध्ये एक घोडागाड्यांचा मालक प्रवासी मिळेपर्यंत आपल्या गाड्या भर रस्त्यात उभ्या करून ठेवत असे. बाकीच्यांची वाट अडायची. एलनबरोंनी त्याला दोषी धरलं. राजरस्ता हा जाण्या-येण्यासाठी आहे, त्याचा कोणी तबेला करू शकत नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय. म्हणजे त्या काळी मुळात धरून चालायचे की रस्त्यावर गोष्टी हलत असतात आणि उभं राहणं हा अपवाद आहे, त्यासाठी कारण द्यावं लागतं. आपण हे बरोबर उलटं केलंय. आमच्या गल्लीत उभ्या गाड्यांचा रस्त्यावर हक्क आहे आणि चालणारा माणूस त्यांच्यामधून परवानगी घेतल्यासारखा वाट काढतो. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत जगातला पहिला पार्किंग मीटर बसला तेव्हा या उलट्या व्यवहाराला दरपत्रक मिळालं, एवढंच.

आता गाढव.

डेव्हिस विरुद्ध मान, १८४२. म्हणजे धाकटे एलनबरो कलकत्त्याला पोचले तेच साल. डेव्हिसने आपल्या गाढवाचे पुढचे दोन पाय बांधून त्याला सार्वजनिक रस्त्यावर चरायला सोडलं होतं. रस्ता साधारण आठ यार्ड रुंद. थोड्याशा उतारावरून मानचा तीन घोड्यांचा वॅगन चांगल्या वेगात आला आणि गाढवाला खाली घेतलं. गाडीवान घोड्यांपासून थोडा मागे होता. गाढव मेलं.

एलनबरोंचा नियम लावला तर डेव्हिसला शून्य मिळायला हवं होतं. गाढव रस्त्यावर मोकळं सोडणं हीच चूक, त्यात पाय बांधलेले, म्हणजे त्याला बाजूला होण्याचीही सोय नाही. पण ज्यूरीने डेव्हिसला ४० शिलिंग दिले आणि वरच्या न्यायाधीशांनी ते कायम ठेवले. लॉर्ड अॅबिंजर आणि बॅरन पार्क यांचा मुद्दा असा की गाढव तिथे नको होतं हे खरं मानलं तरी गाडीवानाला ते दिसत होतं आणि जरा सांभाळून हाकलं असतं तर टळलं असतं. हे मानलं नाही तर रस्त्यात कोणाचं सामान पडलंय म्हणून त्यावरून गाडी नेता येईल, रस्त्यात झोपलेल्या माणसावरूनही नेता येईल, आणि रस्त्याच्या चुकीच्या बाजूला आहे म्हणून एखाद्या गाडीला मुद्दाम धडकही देता येईल, असं पार्क म्हणाले. चुकीच्या बाजूला असलेली गाडी! मी वाचताना थांबलो, आणि खिडकीतून माझ्या वॅगन-आरकडे बघून घेतलं.

या निकालातून पुढे 'शेवटची संधी' नावाचं तत्त्व उभं राहिलं. चूक दोघांची असेल तर अपघात टाळायची शेवटची संधी कोणाकडे होती ते बघा आणि सगळा भार त्याच्यावर टाका. आमच्या धंद्यात याला गिट ब्लेम म्हणतात. प्रोग्रॅम पडला की ती कमांड चालवायची, ती ओळीला शेवटचा हात कोणी लावला त्याचं नाव सांगते. बहुतेक वेळा ते नाव एखाद्या गरीब ज्युनिअरचं असतं, ज्याने फक्त स्पेस नीट केली होती. मूळ घोळ तीन वर्षांपूर्वी दुसऱ्याच कोणीतरी घालून कंपनी सोडलेली असते.

तरीही १८४२ मध्ये हा नियम माणुसकीचा होता, कारण समोरचा पर्याय शून्याचा होता. उभ्या, बांधलेल्या, निरुपाय जिवाला त्याने काहीतरी मिळवून दिलं. शिवाय घोडागाडीच्या वेगाला तो जुळत होता. उतारावर घोडे कितीही दामटले तरी गाडीवानाला विचार करायला काही सेकंद असायचे. आधी कोण चुकलं आणि नंतर कोण चुकलं हे वेगळं काढता यायचं.

मोटार आली आणि हे सेकंद संपले. १९१६ मध्ये तर प्रिव्ही कौन्सिलपुढे ब्रिटिश कोलंबियामधली एक गमतीशीर, खरं तर भीषण केस आली. रुळांवर आलेल्या एका घोडागाडीला विजेच्या ट्रेनने उडवलं. गाडीतल्यांनी नीट पाहिलं नव्हतं. मोटरमनला ते दिसले, त्याने ब्रेक लावला, पण ब्रेकच सदोष होते. मग शेवटची संधी कोणाकडे? कौन्सिल म्हणालं, ब्रेक चांगले असते तर ती मोटरमनकडे असती. ती कंपनीच्या आधीच्या चुकीने गेली, त्यामुळे जबाबदार कंपनी. म्हणजे जी संधी नव्हतीच ती 'असायला हवी होती' म्हणून मोजली. न्याय झाला असेल, पण नियमाला एवढं वाकवावं लागलं की तो मोडायला आलाय हे कळत होतं.

गंमत म्हणजे जमिनीवर ही कसरत चालू असताना समुद्रावरचे लोक केव्हाच पुढे गेले होते. नांगरलेलं जहाज म्हणजे समुद्रातली उभी गाडी. तिथे जुना सरळ संकेत आहे की चालत्या जहाजाने नांगरलेल्या जहाजाला धडक दिली तर आधी चूक चालत्याची धरायची, ती नव्हती हे त्याने सिद्ध करायचं. पण नांगरलेल्याने रात्री दिवा लावला पाहिजे. १८८९ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया नदीत 'ऑरेगॉन' नावाच्या आगबोटीने 'क्लॅन मॅकेन्झी' या नांगरलेल्या जहाजाला धडक दिली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. दिवा पुरेसा होता का, पहाऱ्यावरच्या माणसाने ओरडायला नको होतं का, असा सगळा कीस पडला. १८९५ मध्ये कोर्टाने संपूर्ण चूक 'ऑरेगॉन'ची ठरवली, कारण मॅकेन्झीचा दिवा चालू होता. आणि दोघंही चुकले असतील तर? इंग्लंडच्या सागरी न्यायालयात आधी नुकसान सरळ निम्मं-निम्मं व्हायचं. १९११ पासून ज्याची जितकी चूक त्या प्रमाणात वाटणी सुरू झाली. हे शहाणपण बंदरातून रस्त्यावर यायला ३४ वर्षं लागली. १९४५ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये खांबाचा नियम संपला आणि कोर्ट टक्के ठरवू लागलं.

भारतात असा केंद्रीय कायदा झालाच नाही. केरळने १९७६ मध्ये आपल्यापुरता केला. बाकी ठिकाणी न्यायालयांनी टक्केवारीचं तत्त्व उचललं आणि वापरात आणलं. मामाची 'निम्मी' चूक याच वाटेने आली. खांबाचा नियम असता तर मामीला छदामही मिळाला नसता, हे मला आता कळतं. पण तिला ते सांगायची माझी हिंमत झालेली नाही.

मात्र टक्के ठरवायचे कसे? इथे खरी मेख आहे. अंधारात, दिवा नसलेल्या उभ्या वाहनावर मागून कोणी आदळलं, तर १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लिश न्यायाधीश एक पेच टाकत. तुम्हाला ते दिसलं नाही, म्हणजे एक तर तुमचं लक्ष नव्हतं, किंवा लक्ष असूनही थांबता येणार नाही इतक्या वेगात तुम्ही होता. दोन्हीकडून चूक तुमचीच. जेवढं दिसतंय तेवढ्यात थांबता येईल अशा वेगानेच माणसाने जावं, असं लॉर्ड जस्टिस स्क्रटन यांनी सांगितलं. ऐकायला बिनतोड. पण त्याच सुमारास उभ्या लॉरीवर आदळलेल्या एका मोटरसायकलस्वाराच्या खटल्यात अपील कोर्टाने बजावलं, की असा कायद्याचा नियम वगैरे काही नाही, प्रत्येक अपघाताची हकीकत वेगळी असते आणि ती बघूनच ठरवायचं.

मी स्क्रटनचं गणित मामावर करून बघितलं. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. दिसल्यापासून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर २५ मीटर गेले. कोरड्या डांबरावर ब्रेक लागून थांबायला आणखी साधारण तेवढेच. एकूण ५० मीटर. समोरून येणाऱ्याचा अप्पर डोळ्यात, आपला दिवा लोअरवर, आणि पुढे धुळीने माखलेली, मातीच्याच रंगाची ट्रॉली, जिच्या मागून वाळलेलं पाचट लोंबतंय. ती ५० मीटरवरून दिसेल असं मला वाटत नाही. ताशी ४० ने तोच हिशोब २७ मीटरच्या आसपास येतो, कदाचित तो वाचला असता. त्या रस्त्यावर रात्री ४० ने जाणारा मोटरसायकलवाला मी तरी पाहिलेला नाही. पण ज्याने ट्रॉली ठेवली त्याच्याकडे किती वेळ होता? दीड सेकंद नाही. त्याने खाली उतरून चाकांना दगड शोधून लावले, पुढची ट्रॉली सोडवली, जोडली. त्याच्याकडे किमान अर्धा तास होता. शेवटची संधी मामाकडे होती हे खरं, पण सगळ्यात मोठी संधी दुसऱ्याकडे होती.

२०१८ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे जवळपास हीच गोष्ट आली. रात्री भर रस्त्यात पार्किंग लाइट किंवा कुठलीही खूण न लावता गॅसचा टँकर उभा. समोरून येणाऱ्या वाहनांच्या झोतात तो दिसला नाही आणि गाडी मागून आदळली. न्यायाधिकरणाने सगळी चूक टँकरची धरली. पंजाब-हरियाणा हायकोर्टाने निम्मी गाडीवाल्याची ठरवली, कारण हेडलाइटमध्ये टँकर दिसायला हवा होता. सुप्रीम कोर्टाने हायकोर्टाचा निम्मा हिस्सा रद्द केला आणि पूर्ण चूक टँकरची, हा मूळ निर्णय परत आणला. हा निकाल मी मोबाइलवर, ऑफिसच्या बसमध्ये वाचला. सिंहगड रोडवर ट्रॅफिक तुंबला होता, तरी माझा स्टॉप चुकला. मामीचा निकाल २०१३ चा. तिने अपील केलं नव्हतं. वकिलांची फी, मुंबईच्या खेपा, आणि थकवा.

उभ्या गाडीबद्दलचा आणखी एक निकाल आपल्या मातीतला आहे आणि तो फार कमी लोकांना माहीत असतो. २९ ऑक्टोबर १९८७ च्या पहाटे तीनच्या सुमारास सातारा जिल्ह्यात कवठे गावाजवळ, राष्ट्रीय महामार्ग ४ वर, पेट्रोलचा टँकर आणि ट्रक यांची टक्कर झाली. टँकर रस्त्याखाली जाऊन कुशीवर पडला. पेट्रोल गळत राहिलं. उजाडल्यावर लोक जमले. सव्वासातच्या सुमारास स्फोट झाला आणि त्यात माणसं भाजली, काही मेली. मृतांपैकी एकाच्या घरच्यांनी विनाचूक भरपाई मागितली. तेव्हा ती मृत्यूला १५,००० रुपये होती. विरुद्ध बाजूचं म्हणणं, टँकर चार तास निपचित पडला होता, मग हा 'मोटार वाहनाच्या वापरातून' झालेला अपघात कसा? १९९१ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वापर म्हणजे फक्त चाकं फिरणं नव्हे. बंद पडलेलं, उभं असलेलं, आडवं झालेलं वाहनही वापरातच असतं. पंधरा हजारांसाठी एक बाई दिल्लीपर्यंत गेली, किंवा तिला जावं लागलं. आज देशभर उभ्या वाहनांच्या दाव्यांत हा निकाल दाखवला जातो.

'उभी वस्तू काय करणार' या वाक्याला खरं तर आपल्या कायद्यात कधीच जागा नव्हती. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत कलम २८३ होतं, सार्वजनिक रस्त्यात धोका किंवा अडथळा निर्माण करण्याबद्दल. दंड जास्तीत जास्त २०० रुपये. १८६० मध्ये २०० रुपये म्हणजे भलतीच रक्कम. तो आकडा रेल्वेने पाहिला, दोन महायुद्धांनी पाहिला, मोटारींनी पाहिला, आणि २०२४ च्या १ जुलैला भारतीय न्यायसंहिता लागू होईपर्यंत तसाच राहिला. आता ५,००० झालाय. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १२२ सांगतं की इतरांना धोका किंवा अडचण होईल अशा जागी वा अशा स्थितीत वाहन सोडू नये. आणि १९८९ च्या रस्त्याच्या नियमांत गाडी कुठे लावू नये याची लांबलचक यादी होती. त्यातली पहिलीच ओळ चौक आणि वळणाची. पुढे कुठेतरी 'रस्त्याच्या चुकीच्या बाजूला' हेही होतं. मी एका रात्रीत यादीतल्या दोन गोष्टी केल्या होत्या.

म्हणजे टेम्पोवाला बरोबर होता? पूर्ण नाही. नियम मोडून लावलेली गाडी आणि अपघाताला कारण झालेली गाडी यात फरक आहे. नो-पार्किंगमध्ये भरदिवसा सगळ्यांना दिसेल अशी गाडी उभी असेल तर पोलिसांनी खुशाल उचलून न्यावी, पण तिला येऊन ठोकणाऱ्याला त्या बोर्डाचा आधार मिळत नाही. डेव्हिसच्या गाढवाने एवढं तरी आपल्याला मिळवून दिलंय. प्रश्न असा, की गाडी जिथे आणि जशी उभी होती, त्यामुळेच धडक झाली का?

म्हणून एका रात्री अडीचला मी खाली गेलो. मित्राला बाइकवर टेम्पोच्या दिशेने यायला सांगितलं आणि मी त्याच्या मागे बसलो. वळणावरचा दिवा गेले काही महिने बंद आहे. गाडी नीट, डाव्या कडेला लावली असती तर येणाऱ्याला तिचे मागचे लाल रिफ्लेक्टर चमकताना दिसले असते. उलट्या तोंडामुळे टेम्पोवाल्याच्या समोर राखाडी बॉनेट आलं, ज्याचे दिवे बंद होते. वळण घेताना तो ते चुकवायला गेला आणि मागचा कोपरा घासून, दाबून नेला. आम्हाला ती साधारण पंधरा मीटरवर दिसली. मित्र म्हणाला, "ठोकलीच असती रे." तो ताशी तीसने चालवत होता.

टेम्पोवाल्याचा नंबर माझ्याकडे होता. त्या रात्री त्याने दोन हजार देऊ केले होते आणि मी ताठ्यात म्हटलं होतं की पंधराचं काम आहे, इन्शुरन्सने बघू. खरं तर त्याच्या विम्यातून माझ्या दाराची भरपाई घ्यायची तर मलाही मामीच्याच न्यायाधिकरणात जावं लागलं असतं. दार-मडगार्डासाठी तिथे कोणी जात नाही. म्हणून या देशात उभ्या गाडीचे बहुतेक खटले रस्त्यावरच, पाच मिनिटांत, ज्याचा आवाज मोठा किंवा ज्याची गाडी महाग त्याच्या बाजूने निकालात निघतात. त्या रात्री मोठी गाडी माझी होती.

फोन केला. त्याने आधी घाबरून "साहेब, पैशांचं बघतो" सुरू केलं. मी म्हटलं, काका, निम्मी चूक माझी धरा. तो गप्प झाला. मग म्हणाला, "निम्मी कशी काय काढली?" मला उत्तर देता आलं नाही. १८०९ पासून वाचून काढलं होतं, पण पन्नासच का, तीस किंवा सत्तर का नाही, हे मलाही सांगता येईना. शेवटी तो म्हणाला, त्याच्या ओळखीचा डेंटिंगवाला नऱ्ह्याला आहे, सात हजारांत करून देईल, आपण साडेतीन-साडेतीन करू. तसंच केलं. रंग थोडा वेगळा आलाय, उन्हात कळतो.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा मामीला सुप्रीम कोर्टाच्या त्या टँकरवाल्या निकालाबद्दल सांगितलं. संपूर्ण चूक उभ्या टँकरची, असं म्हणालं कोर्ट. ती तांदूळ निवडत होती. तिने विचारलं, "कधी म्हणालं?" मी साल सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग ताट बाजूला ठेवून आत गेली आणि निकालाची जुनी प्रत घेऊन आली, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेली. ती ओळ कुठे आहे ते तिला पान न उलटता माहीत होतं. "हे आता बदलतं का?" मी नाही म्हणालो. इतक्या वर्षांनी नाही.

तिने प्रत परत पिशवीत घातली. निघताना मला म्हणाली, "कारखाना सुरू झालाय. अंधार पडायच्या आत टेंभुर्णी गाठ."